मंगळावरची हवा

रात्रीच्या आकाशात मंगळ ओळखणे फारसे कठीण नाही. नुसत्या डोळ्यांनी तो राखेत राहिलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो, तर दुर्बिणीतून एक लहानशी तांबूस चकती दिसते. या चकतीभोवती हवेचे पातळ आवरण आहे, हे ज्योतिर्विदांना फार पूर्वीच कळले होते. तिच्या ध्रुवांवरील शुभ्र डाग ऋतुमानाप्रमाणे वाढत आणि आटत. कधी कधी पिवळसर ढग सरकताना दिसत. परंतु ही हवा नेमकी किती, हे इतक्या दुरून सांगणे सोपे नव्हते.

१९५० नंतरच्या काही वर्षांत मंगळाच्या पृष्ठभागावरील वायुभार सुमारे ८५ मिलिबार असावा, असे मानले जात असे. पृथ्वीवर समुद्रसपाटीला तो सुमारे १,०१३ मिलिबार असतो. हा अंदाज कोणी आळसाने बांधलेला नव्हता. ग्रहावरून येणाऱ्या प्रकाशाची बारकाईने मोजमापे घेऊन तो काढलेला होता. आणि तरीही तो चुकला! जुलै १९६५ मध्ये अमेरिकेचे मरिनर-४ हे यान मंगळाच्या आड गेले. त्या वेळी त्याचे रेडिओ संदेश तेथील हवेतून येताना किंचित वाकले. त्या वाकण्यावरून हिशेब मांडला, तेव्हा वायुभार अवघा ४ ते ७ मिलिबार निघाला.

आता कोणी म्हणेल, ‘आकडा मिळाला, काम संपले. त्याच त्या हवेवर पुन्हा पुन्हा यंत्रे रोखून बसण्यात काय हशील?’ हा प्रश्न वरवर शहाणपणाचा वाटतो. मला मात्र तो पटत नाही. वैशाखात आगगाडीतून एखादे गाव ओझरते पाहणारा प्रवासी त्या गावाला उजाड म्हणेल. श्रावणात तेथून जाणारा त्यालाच हिरवेगार म्हणेल. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण गाव दोघांनाही कळलेले नसते.

मंगळाची हवा तर गावाहूनही चंचल आहे. तिच्यात शंभरातील सुमारे ९५ भाग कार्बन डायऑक्साइड वायू आहे. दक्षिण ध्रुवावरील दीर्घ हिवाळ्यात थंडी इतकी कडक पडते की, हा वायूच गोठून हिमासारखा भूमीवर बसतो. ग्रहावरील एकूण हवेचा सुमारे पाव हिस्सा असा जमिनीवर उतरतो आणि ऋतू पालटला की पुन्हा वर चढतो. जणू सारा ग्रह वर्षातून एकदा संथपणे श्वास घेतो व सोडतो. ही गोष्ट एका दिवसाच्या पाहणीत कशी दिसणार? १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तेथील वायुभाराची नोंद वर्षानुवर्षे ठेवली, म्हणूनच या चढउताराचा आलेख आपल्या हाती आला.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. २०२१ च्या एप्रिल महिन्यात इन्जेन्युइटी नावाचे चिमुकले हेलिकॉप्टर मंगळावर उडाले. त्याच वर्षी पुढे ऋतू बदलला, हवा आणखी विरळ झाली आणि पूर्वीच्या वेगाने फिरणारी पाती त्याला उचलून धरण्यास अपुरी पडण्याची भीती निर्माण झाली. पण हवा केव्हा आणि किती उतरेल, हे आधीच ठाऊक होते. म्हणून पात्यांचा वेग मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवरून २,७०० पर्यंत वाढवून आधी चाचणी घेण्यात आली. पाचच उड्डाणांच्या अपेक्षेने पाठविलेले ते यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत एकंदर ७२ वेळा उडाले.

जेथे असा अंदाज बांधता येत नाही, तेथे काय होते हे १९७१ साली दिसले. नोव्हेंबरमध्ये मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा धुळीच्या वादळाने सारा ग्रह झाकला होता. यानाने वाट पाहिली. धूळ बसल्यावर त्याच्या छायाचित्रांत प्रचंड ज्वालामुखी आणि हजारो किलोमीटर लांबीच्या दऱ्या प्रकट झाल्या. ज्या मंगळाला पूर्वीच्या धावत्या भेटींनी चंद्रासारखा निर्जीव ठरविले होते, तो हाच! त्याच सुमारास पोहोचलेल्या सोव्हिएत रशियाच्या मार्स-२ आणि मार्स-३ या यानांना थांबण्याची मुभा नव्हती. त्यांचा कार्यक्रम आधीच ठरवून दिलेला होता. एकाचा उतरणारा भाग आदळून नष्ट झाला. दुसऱ्याचा सुखरूप उतरला, पण काही सेकंदांतच अबोल झाला.

भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. ते सहा महिन्यांसाठी पाठविलेले होते. प्रत्यक्षात त्याने २०२२ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ साथ दिली. मंगळावरील सर्वांत वरच्या हवेचा वेध घेणारे एक यंत्र त्यावर होते. ही वरची हवा सतत अवकाशात निसटत असते. अमेरिकेच्या मेव्हन यानाच्या मोजणीप्रमाणे दर सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम हवा अशी निघून जाते. हा आकडा क्षुल्लक वाटतो खरा. पण कोट्यवधी वर्षांचा गुणाकार करून पाहावा!

संपूर्ण ग्रह व्यापणारी वादळे तेथे दरवर्षी येत नाहीत. २००१, २००७ आणि २०१८ साली ती आली. शेवटच्या वादळाच्या अंधारात, सूर्यप्रकाशावर चालणारी ऑपॉर्च्युनिटी ही गाडी चौदा वर्षांच्या कामानंतर कायमची थांबली. एक लहानसे वादळ साऱ्या ग्रहावर का पसरते आणि दुसरे तेथेच का विरते, हे अजून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. पुढचे उठेल, तेव्हा त्याची पहिली धूळ टिपावयास तेथे एखादे यंत्र जागे असले पाहिजे.