दुरुस्तीचा पाना कुणाच्या हाती?

आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ साली बजाज चेतक तयार होऊ लागली. तेव्हा परवानाराज होते. पैसे भरूनही नंबर लागायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ‘जुने ते सोने’ हे अर्धेच खरे. पण एकदा दारात आलेली चेतक पंधरा-वीस वर्षे वापरणारी घरे पुण्यात कमी नव्हती. कारण ती कोणत्याही गॅरेजमध्ये उघडता येई आणि सुटे भाग नाना पेठेत मिळत.

२०२० मध्ये चेतक विजेवर परत आली. धूर नाही, आवाज कमी, पेट्रोलचा खर्च नाही. ही प्रगतीच आहे. मात्र कोणत्याही इलेक्ट्रिक स्कूटरची खरी किंमत शोरूममध्ये कळत नाही. वॉरंटी संपल्यावर बॅटरी केवढ्याला पडेल, कंट्रोलर बिघडला तर बाहेर दुरुस्त होईल का, यावर ती ठरते.

हा प्रश्न ग्राहकाइतकाच मेकॅनिकचाही आहे. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुले शाळा सुटली की पाना हाती घेतात. दुरुस्ती कंपनीपुरती उरली, तर त्यांनी करायचे काय? केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पण माहिती आणि सुटे भाग बाहेरच्या मेकॅनिकलाही देण्याची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा हवा.

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात. त्या शहरातल्या तरुणांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. आणि तोवर, हप्ता किती हे विचारण्याआधी दुरुस्ती कुठे होईल हे विचारा.