दुर्बिणीचे खोके उघडताना

बीडच्या एका भगिनीने कळवले आहे : मुलाच्या हट्टाने दुर्बीण मागवली, खोके घरी आले, पण काही बिघडेल म्हणून उघडायची धास्ती वाटते. रमजानचा चाँद तिच्यातून पाहायचा आहे.

भगिनी, धास्ती समजू शकते. पण खोके पडून राहू देऊ नका. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हाची गोष्ट. हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये ग्रब कंपनीची 15 इंची दुर्बीण घेतली आणि निजामिया वेधशाळेचा पाया घातला. 1907 मध्ये त्यांचा इंतकाल झाला. पुढच्या वर्षी सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली, मग ती बेगमपेठेत हलली. ही मोठी दुर्बीण प्रत्यक्ष कामाला लागली 1922 मध्ये! वस्तू घेण्यापेक्षा ती उभी करणे अवघड असते.

आता तुमचे खोके. ते दोन तास घरात तसेच ठेवा. मग जमिनीवर चादर पसरून उघडा आणि यादीप्रमाणे एकेक भाग तपासा. फोम आणि खोके जपून ठेवा, दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर लागतील. आधी तिपाई घट्ट उभी करा, नळी शेवटी बसवा. भिंगाला बोट लावू नका. धूळ दिसली तरी ओढणीने पुसू नका, ओरखडे पडतात; हवेच्या फुग्याने उडवा.

नळीवरची छोटी दुर्बीण दिवसाच जुळवून घ्या. सूर्याच्या विरुद्ध बाजूचा, दूरचा टॉवर आधी मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा. मग छोटीचे स्क्रू फिरवून तिच्यातही तोच टॉवर मधोमध आणा.

सर्वांत महत्त्वाचे : सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नका. एका क्षणात नजर कायमची जाऊ शकते. पहिला चाँद सूर्याच्या जवळच असतो, म्हणून सूर्य पूर्ण मावळल्यावरच शोध सुरू करा. 25 मिमीसारखे कमी मोठे दाखवणारे भिंग लावा. त्यात आकाशाचा जास्त भाग दिसतो. महिना सुरू झाल्याचा निर्णय मात्र चाँद कमिटीचाच.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. टोपण लावून, सिलिका जेलची पुडी ठेवून दुर्बीण कोरड्या जागी ठेवा. माळ्यावर मात्र टाकू नका. नवाबसाहेबांना आपली मोठी दुर्बीण कामाला लागलेली पाहता आली नाही. तुमच्या मुलाला इन्शाअल्लाह याच महिन्यात चंद्रावरचे खड्डे दिसतील.