पाहुणे म्हणून जाताना



गेल्या फेब्रुवारीत आम्ही वीसेक ऊसवाले नाशिककडे द्राक्षबागा पाहायला गेलो होतो. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, त्यानंतर तिकडे वाइनचे बरेच कारखाने निघाले. त्यांतला एक घरचाच, बापलेक चालवतात. पाहून आलो, पण परतताना माझी मान खाली होती.

आधी कळवले होते सहा जणांचे. उतरलो वीस. तेही ऐन तोडीत! पहाटेच्या गारव्यात द्राक्ष तोडून ऊन चढायच्या आत ते गाळपाला घ्यावे लागते. आपल्या कारखान्यात गाळप जोरात असताना असा लोंढा घुसला तर आपण काय म्हणू?

एका भाऊंनी न विचारता वेलीचे घड तोडले. दुसऱ्यांनी आंबवणाच्या टाकीत डोके घातले. अहो, तिथे कार्बन डायऑक्साइड वायू साचतो, माणूस जागीच गुदमरतो. मालकाने ओढून बाजूला केले म्हणून बरे. चव पाहायला पेल्यात तळापुरती वाइन देतात. वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा, नको तर शेजारच्या भांड्यात थुंकायचा. आमचे गडी गालात खर्रा धरून म्हणतात, “एवढीशीच? भरा ना भाऊ!” चवीचे पैसे पडतात हे ऐकून तर घासाघीसच सुरू झाली. गुऱ्हाळावर रस फुकट मिळतो म्हणून सगळीकडे मिळावा काय?

सगळ्यांत लागले ते वेगळेच. आमच्यातल्या एका बुजुर्गांनी घरच्या सूनबाईंना तोंडावर सुनावले, “दारू विकता, लाज नाही वाटत?”

माझे मत स्पष्ट आहे. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्या गावचा मी. घोटभरही घेतली नाही, “आम्ही घेत नाही, ताई” म्हणून हात जोडले. त्यांनी हसून द्राक्षाचा साधा रस दिला. नाही म्हणायला एवढे पुरते. आणि आपल्या उसाच्या मळीपासून काय काय निघते, हे ऊसवाल्याने दुसऱ्याला शिकवू नये.

विचारायचेच तर द्राक्षातली साखर किती झाली की तोड धरता, हे विचारावे. आपल्यालाही उताऱ्याची कळ आहेच. मी विचारले तर बापाने काम सोडून उपकरण दाखवले.

परत आल्यावर माफीचे पत्र टाकले. उत्तर आले आहे : या, पण सहाच जण, अन् तोड आटोपल्यावर, एप्रिलात.

— एक सभासद, वलगाव