निकाल लागतो तो उंबरठ्यावर

गुन्हेगारी टोळ्यांवरचे चित्रपट सज्जन माणसे इतक्या आवडीने का पाहतात, हा प्रश्न गेली नव्वदहून अधिक वर्षे विचारला जात आहे. आयुष्यात कधी कोणावर हात न उगारलेला, विजेचे बिल मुदतीच्या आत भरणारा, मुलांना खरे बोलण्याचे धडे देणारा गृहस्थ ‘गॉडफादर’ तिसऱ्यांदा पाहतानाही तितकाच रंगून जातो. या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. समाज बिघडला आहे, हे एक; आणि चित्रपट ही निव्वळ करमणूक असते, तिचा इतका विचार करू नये, हे दुसरे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. ज्या कलाकृती दोन-तीन पिढ्यांना धरून ठेवतात, त्या समाजाच्या मनातील एखाद्या खऱ्या जखमेवर बोट ठेवीत असतात. ती जखम कोणती, हे समजून घेतल्यावाचून या चित्रपटांना डोक्यावर घेणेही व्यर्थ आणि त्यांच्या नावाने बोटे मोडणेही व्यर्थ.

या चित्रप्रकाराचा जन्म अमेरिकेतला. १९२० साली तेथे दारूबंदी अमलात आली आणि १९३३ साली ती उठविण्यात आली. मधल्या तेरा वर्षांत चोरट्या दारूच्या पैशावर शिकागो आणि न्यूयॉर्क येथील टोळ्या गबर झाल्या. त्याच काळात महामंदीने लाखो प्रामाणिक माणसांच्या तोंडचा घास काढून घेतला. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते, आणि अल कपोनसारखा गुंड मात्र रेशमी सदरे घालून मिरवत होता. अशा वातावरणात ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे चित्रपट १९३१ मध्ये आले, तर ‘स्कारफेस’ १९३२ मध्ये. तिन्ही चित्रपटांचे नायक तळातून वर चढतात आणि शेवटी गोळ्यांनी मरतात. प्रेक्षक मात्र त्यांच्या मरणापेक्षा त्यांच्या चढण्यालाच टाळ्या देत होते. अस्वस्थ झालेल्या चित्रपटसृष्टीने १९३० साली स्वीकारलेली आचारसंहिता १९३४ पासून कठोरपणे राबविण्यास सुरुवात केली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटता कामा नये, असा तिचा दंडक होता.

दंडक आला, पण आकर्षण गेले नाही. ‘द पब्लिक एनिमी’त गुंड रंगविणाऱ्या जेम्स कॅग्नीला १९३५ च्या ‘जी मेन’मध्ये सरकारी अधिकाऱ्याचे काम देण्यात आले, पण हातातील बंदूक तीच होती आणि रुबाबही तोच. १९३८ सालच्या ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ने तर हा पेच कथेच्या केंद्रस्थानीच आणला. मृत्युदंड झालेल्या गुंडाकडे त्याचा बालमित्र असलेला पाद्री एक विलक्षण मागणी करतो : खुर्चीकडे नेताना भित्र्यासारखा रडत जा, म्हणजे वस्तीतील पोरे तुला देव मानणे सोडतील. आयुष्यभर कोणापुढे न झुकलेला तो माणूस शेवटच्या क्षणी गयावया करतो. ती खरी भीती होती की पोरांसाठी केलेले नाटक, हे चित्रपट सांगत नाही. गुंडाचा मृत्यू पुरेसा नसतो, त्याची प्रतिष्ठा मरावी लागते, हे सत्य त्या चित्रपटाने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

ही प्रतिष्ठा येते कोठून? मारिओ पुझो याच्या १९६९ च्या कादंबरीवरून फ्रान्सिस फोर्ड कोपोला याने १९७२ मध्ये केलेला ‘गॉडफादर’ याचे उत्तर पहिल्याच प्रसंगात देतो. अंत्यविधीचा व्यवसाय करणारा एक पापभीरू नागरिक डॉन कॉर्लिओनीच्या दारी आला आहे. त्याच्या मुलीला दोन तरुणांनी निर्दयपणे मारले; तो कायद्याने वागून न्यायालयात गेला; आणि शिक्षा स्थगित झालेले ते दोघे तरुण त्याच दिवशी मोकळे घरी गेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपल्याकडची म्हण त्या परक्या माणसाच्या तोंडीही शोभली असती. डॉनचा सारा दरारा येथून सुरू होतो. त्याच्या हातातील बंदुकीपेक्षा शासनाने गमावलेली पत हे त्याचे खरे भांडवल आहे. जो न्याय वर्षानुवर्षे खेटे घालून मिळत नाही, तो येथे एका शब्दात मिळतो. सज्जन प्रेक्षकाचे मन नेमके येथे फितूर होते. त्याला हिंसा हवी असते असे नाही. आपले कोणीतरी ऐकावे, एवढेच त्याला हवे असते.

पण या न्यायाची किंमतही त्याच चित्रपटात मोजलेली आहे. डॉन त्या माणसाकडून पैसे घेत नाही, भविष्यातील एक उपकार मागून ठेवतो. तो उपकार पुढे वसूल होतो, तेव्हा डॉनच्या थोरल्या मुलाचे गोळ्यांनी चाळण झालेले प्रेत त्याच्यापुढे असते. आईला मुलाचे तोंड पाहता यावे, एवढे ते नीट कर, ही डॉनची विनवणी असते. कुटुंबासाठी म्हणून जे केले, त्यानेच कुटुंब गिळले. धाकटा मायकेल चर्चमध्ये भाच्याच्या बाप्तिस्म्याला उभा राहून सैतानाचा त्याग केल्याचे उच्चारतो आणि त्याच क्षणी त्याच्या आज्ञेने माणसे मारली जात असतात. चित्रपट संपतो तो त्याच्या पत्नीच्या तोंडावर बंद होणाऱ्या दाराने. १९७४ च्या दुसऱ्या भागात तो सख्ख्या भावाला मारवितो आणि एकटा बसून राहतो. पोलीस त्याला पकडत नाहीत, न्यायालय शिक्षा करीत नाही. तरीही प्रेक्षक उठतो तो एका उद्ध्वस्त माणसाला पाहून.

थोर आणि सुमार गुन्हेगारपट यांतील भेद येथे दिसतो. सुमार चित्रपटात नायकाचा निकाल पोलिसाच्या गोळीने लागतो. थोर चित्रपटात तो त्याच्या घराच्या उंबरठ्यावर लागतो. ‘द पब्लिक एनिमी’त आई माडीवर मुलाचे अंथरूण घालीत असते आणि खाली दार उघडताच त्याचे बांधलेले प्रेत आत कोसळते. मार्टिन स्कोर्सेसी याच्या २०१९ च्या ‘द आयरिशमन’मध्ये टोळीसाठी माणसे मारणारा फ्रँक शीरन वृद्धाश्रमात मरणाची वाट पाहत बसला आहे.  पण मुलगी बोलत नाही. ती ज्या बँकेत काम करते, तेथे तो काठी टेकत जातो, आणि ती आपली खिडकी बंद करून निघून जाते. एवढी कठोर शिक्षा कोणत्या दंडसंहितेत लिहिलेली नाही.

भारतीय चित्रपटाने हा चित्रप्रकार उचलला, पण निकाल देणारी खुर्ची रिकामी ठेवली नाही. तेथे त्याने आईला बसविले. याची मुळे गुन्हेगारपटाच्याही मागे जातात. मेहबूब खान यांच्या १९५७ च्या ‘मदर इंडिया’तील राधा गावच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी पोटच्या दरोडेखोर मुलावर गोळी झाडते. १९७५ च्या ‘दीवार’मध्ये सलीम-जावेद यांनी हीच आई मुंबईत आणली. गोदीतील हमालीपासून तस्करीच्या साम्राज्यापर्यंत पोहोचलेल्या विजयचा बंगला ती सोडते, पोलीस अधिकारी असलेल्या धाकट्याच्या हाती स्वतः पिस्तूल देते, आणि कर्तव्य उरकल्यावर थोरल्याची वाट पाहत देवळात जाऊन बसते. ममता आणि धर्म यांतील हा ताण पाश्चात्त्य चित्रपटाला क्वचितच गवसला. हॉलिवुडची आई मुलासाठी रडते, त्याला बजावते. आपली आई रडते आणि निवाडाही करते.

मणिरत्नम यांचा ‘नायकन’ १९८७ मध्ये आला. मुंबईतील वरदराजन मुदलियार याच्या जीवनावर बेतलेल्या या तमिळ चित्रपटाला ‘टाइम’ साप्ताहिकाने २००५ मध्ये निवडलेल्या जगातील शंभर चित्रपटांत स्थान मिळाले. वस्ती ज्याला बाप मानते, त्याला त्याची स्वतःची मुलगी प्रश्न विचारून घर सोडते, आणि नातू विचारतो की तुम्ही चांगले की वाईट, तेव्हा त्या माणसापाशी उत्तर नसते. राम गोपाल वर्मा यांच्या १९९८ च्या ‘सत्या’त नायक प्रेयसीच्या दाराशी पोहोचतो, पण तेथेच त्याचा खेळ आटोपतो. महेश मांजरेकर यांच्या १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये पावभाजीची गाडी चालविणारा रघू एका भांडणातून खुनी होतो, गळ्यात सोन्याची जाड साखळी घालून घरी परततो, आणि शेवटी त्याला त्या नरकातून सोडविते ती त्याची आईच. मराठी मध्यमवर्गीय घराला रीमा लागू यांची ती आई परकी वाटली नाही. ती चाळीतल्या कोणत्याही बिऱ्हाडात भेटली असती.

आणि खरोखरच भेटत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप विधिवत कधी मागेच घेतला गेला नाही. भोंगे थांबले, चुली थंडावल्या, आणि गिरणगावातील काही तरुण हातांना टोळ्यांनी काम दिले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने ही वाताहत एका घराच्या चार भिंतींत उभी केली आणि त्याच आधाराने मांजरेकरांनी २०१० मध्ये ‘लालबाग परळ’ काढला. कष्टकरी बापाची मान ताठ होती, ती कारखाना गेल्यावर खाली गेली. मग ज्याच्या नावाने नाका चळचळ कापतो, तो ‘भाई’ पोराला बापापेक्षा मोठा वाटू लागला. त्या चुकीच्या वाटेला चित्रपटाने जन्म दिला नव्हता. आधी वस्तीतील संधी आटली होती, चित्रपट मागाहून आला.

तथापि या चित्रपटांचा एक मोठा दोष झाकून चालणार नाही. त्यांत गुंडाच्या आईचे अश्रू दिसतात. गुंडाने मारलेल्याच्या आईचे क्वचितच दिसतात. खंडणीच्या दूरध्वनीने झोप उडालेला दुकानदार, साक्ष देण्याचे धैर्य करून नंतर दाराला आतून कडी लावून बसलेले कुटुंब, चकमकीत चुकून सापडलेला वाटसरू, हे पडद्यावर क्षणभर येतात आणि जातात. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसे मेली, शेकडो जखमी झाली. तस्करीचे मार्ग, नावा आणि माणसे यांचाच वापर करून सीमेपलीकडून आलेली स्फोटके कोकणच्या किनाऱ्यावर उतरविली गेली होती. ‘भाई’ हा गरिबांचा कैवारी असतो, ही दंतकथा त्या दिवशी राखेत मिळाली. तो राष्ट्राचाही नसतो आणि वस्तीचाही नसतो. अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ या कटाचा निर्विकार शोध घेतो. न्यायालयीन स्थगितीमुळे तो २००७ मध्येच प्रेक्षकांपुढे येऊ शकला. त्यात शीळ घालावी असा नायक नाही, म्हणूनच तो महत्त्वाचा आहे.

स्वतः चित्रपटसृष्टीही या विळख्यातून सुटली नव्हती. संगीत व्यवसायातील गुलशन कुमार यांची १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत मंदिरातून बाहेर पडताना हत्या झाली. बँका कर्ज देत नसल्याने काळ्या पैशाला या धंद्यात दार उघडे होते. चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केंद्राने १९९८ मध्ये केली आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा ‘मकोका’ कायदा आणला. रस्त्यावरची टोळीयुद्धे त्यानंतरच्या वर्षांत ओसरली. कायदा ठाम उभा राहिला की ‘भाई’ची पत घसरते, याचा हा अनुभव आहे. डॉनच्या दारी गेलेल्या त्या पापभीरू नागरिकाची गाठ याच ठिकाणी सुटते.

मग या चित्रपटांचे करायचे काय? बंदीचा मार्ग अमेरिकेने चोखाळून पाहिला. त्याने बंदूक नायकाच्या हातातून अधिकाऱ्याच्या हातात गेली, एवढेच. कोवळी मुले चित्रपटाचा मधला भाग उचलतात, शेवट विसरतात, ही चिंता मात्र खरी आहे. साखळी, गाडी, चालण्याची ढब लक्षात राहते. बंद झालेले दार लक्षात राहत नाही. यावर उपाय सेन्सॉरच्या कात्रीत नाही, घरातील संभाषणात आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबरोबर बसून असा चित्रपट शेवटपर्यंत पाहणारे आणि नंतर ‘तुला कोण आवडला, आणि का?’ असे विचारणारे पालक कात्रीपेक्षा अधिक काम करतील. त्याच्या उत्तरावर लगेच न रागावता ते ऐकून घेण्याचीही तयारी हवी. ते उत्तर मुलाच्या मनाचे जितके, तितकेच ते ज्या जगात वाढतो आहे त्याचे असेल.

आणि जे समाजकार्यात आहेत, त्यांच्यापुढचे काम याहून अवघड आहे. ज्या वस्तीत तरुणाला अडचणीच्या वेळी जायला एकच दार ठाऊक असते, आणि ते ‘भाई’चे असते, तेथे नैतिकतेची व्याख्याने उपयोगी पडत नाहीत. तेथे दुसरे दार उघडावे लागते. व्यायामशाळा, अभ्यासिका, पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला सोबत येणारा वडीलधारा कार्यकर्ता, नोकरीच्या अर्जावर सही-शिफारस करणारा ओळखीचा माणूस, अशी ती दारे असतात. त्यांत चित्रपट निघावा असे काही नाट्य नसते. पण ज्या आईवर ‘वास्तव’मधल्या आईसारखी वेळ कधीच येऊ नये, तिच्या घराचे रक्षण तेथेच होते.