भिंतीवरची हरिता, बुडाशी चिचुंद्री

पावसाळा तोंडावर आला म्हणून परवा मुलुंडच्या आमच्या सोसायटीची सभा झाली. दोन ठराव चहा येण्याआधीच मंजूर झाले. मागच्या कुंपणभिंतीवरचे शेवाळ खरवडून तिला सिमेंटचा गिलावा करायचा आणि तिच्या बुडाशी उंदरांचे विष टाकायचे. माझाही हात वर होता, हे कबूल करतो.

भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाची टेकडी सुरू होते. रात्री तिच्या कडेने लांब सोंडेचे जे जीव चुकचुकत पळतात, ते उंदीर नव्हेतच. ती चिचुंद्री. किडे, झुरळे हे तिचे खाणे. माझी आजी तिला मारू देत नसे, कारण मात्र लक्ष्मीचे सांगे. तिची एक जातबहीण जेमतेम दोन ग्रॅमची, रुपयाच्या नाण्याहून हलकी. आपल्या देशातही आढळते. हृदयाचे ठोके मिनिटाला हजारावर, आणि काही तास उपास घडला की संपलीच. दुसऱ्या एका लहानशा जातीचे वर्णन तर १८७७ साली जॉन अँडरसन यांनी मुंबईच्याच नमुन्यावरून केले आणि लडाखमध्ये १८७४ साली वारलेल्या स्टोलिच्का या संशोधकाचे नाव तिला दिले. या शहराने जगाला चिचुंद्री दिली, हे आम्हाला कोण सांगणार!

भिंतीवरचे ते ‘शेवाळ’ म्हणजे खरे तर हरिता, पाठ्यपुस्तकातल्या फ्युनारियाच्या गोतावळ्यातली. तिची तऱ्हा उलटी. खरी मुळे नाहीत, पाणी पानांनीच प्यायचे. उन्हाळाभर वाळून मेल्यासारखी पडते आणि पहिल्या सरींनी पुन्हा हिरवी होते. एकीला दुपार थांबवत नाही, दुसरी महिनोन्‌महिने थांबते. पण हरितेच्या गादीत ओल टिकते, ओलीला किडे येतात आणि किड्यांवर चिचुंद्री जगते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे पडली. तो आकडा गाजला, कारण झाडे मोजलेली होती. खोडांवरची हरिता कोणाच्या वहीत नव्हती. तिच्यातली दुर्मीळ कोणती, हे पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या पेशी पाहिल्यावाचून कळत नाही. खरवडणाऱ्याला तेवढी सवड कुठली?

विषाचा ठराव मागे घ्यावा, असे पत्र मी दिले आहे. सचिवांनी विचारले, ‘‘आणि भिंतीचे काय, साहेब?’’ म्हटले, एक पावसाळा तशीच राहू द्या. पण गिलाव्याचा आगाऊ पैसा कंत्राटदाराला पोहोचला आहे.