कव्हरवर शिष्याचं नाव

२२ जुलै १९६६ रोजी लंडनच्या डेक्का कंपनीने 'ब्लूज ब्रेकर्स' ही रेकॉर्ड बाजारात आणली. २२ जुलै २०२६ रोजी तिला साठ वर्षं पूर्ण होतात. शीर्षकाखाली दोन नावं आहेत : जॉन मेयल, आणि सोबत एरिक क्लॅप्टन. बँड मेयलचा होता. गाणारा, पियानो, ऑर्गन आणि हार्मोनिका वाजवणारा, गाण्यांची निवड करणारा तोच. वय ३२. क्लॅप्टन २१ वर्षांचा, पगारी गिटारवादक. तरीही मेयलने त्याचं नाव आपल्या नावाशेजारी छापू दिलं. या रेकॉर्डचं मोठेपण सांगायचं तर सुरुवात या औदार्यापासूनच करायला हवी.

मेयल मॅक्लसफील्डचा. वडिलांना जॅझच्या रेकॉर्डचा नाद, त्यामुळे पोरवयातच कानावर अमेरिकी संगीत पडलं. कोरियात सैनिकी सेवा, मग मँचेस्टरच्या कला महाविद्यालयात शिक्षण, मग जाहिरात-चित्रकाराची नोकरी. लंडनचा ब्लूज वादक अलेक्सिस कॉर्नर याच्या आग्रहावरून तो १९६३ मध्ये लंडनला आला, तेव्हा तिशीला टेकला होता. यार्डबर्ड्स हा बँड हलक्याफुलक्या लोकप्रिय गाण्यांकडे वळला म्हणून क्लॅप्टनने १९६५ मध्ये तो सोडला, आणि मेयलने त्याला नुसती नोकरीच नव्हे तर घरात जागाही दिली. त्या घरात शिकागो आणि मिसिसिपीच्या ब्लूज कलावंतांच्या रेकॉर्डचा मोठा साठा होता. क्लॅप्टन तो ऐकत राहिला, त्यावर वाजवत राहिला. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून तालीम घेतात, तसंच हे.

मग १९६६ च्या वसंतात वेस्ट हॅम्पस्टेडच्या स्टुडिओत जे घडलं, त्याने रॉक गिटारचा आवाज बदलला. तेव्हाचा शिरस्ता असा, की स्टुडिओत अँप्लिफायर हळू ठेवायचा आणि माइक त्याला चिकटवून लावायचा. क्लॅप्टनने ते साफ नाकारलं. क्लबात वाजवतो तितक्याच मोठ्या आवाजात वाजवणार, असा त्याचा हट्ट. ध्वनिमुद्रक गस डजन हैराण झाला. निर्माता माइक व्हर्नन मात्र क्लॅप्टनच्या बाजूने उभा राहिला आणि माइक अँपपासून दूर नेऊन मुद्रण झालं. हा हट्ट पोरकट नव्हता. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर पूर्ण उघडला की स्वर फाटू लागतो, जाड होतो आणि तार छेडल्यावर बराच वेळ टिकतो. क्लॅप्टनला हाच टिकणारा, गळ्यातून यावा तसा स्वर हवा होता. हातात गिब्सन लेस पॉल होती, त्या काळी खपत नाही म्हणून कंपनीने बंद केलेली. समोर मार्शलचा अँप. या जोडीचा आवाज इतका गाजला, की गिब्सनने १९६८ मध्ये ती गिटार पुन्हा काढली आणि मार्शलच्या त्या अँपला लोक आजही 'ब्लूजब्रेकर' म्हणतात.

ऐकायला बसलं की पहिल्याच गाण्यात, ऑटिस रशच्या 'ऑल युअर लव्ह'मध्ये, हा आवाज समोर येतो. गाणं मध्येच लय बदलून धावतं आणि पुन्हा मूळ चालीवर येतं. फ्रेडी किंगचं 'हाइडअवे' नुसत्या वाद्यांचं, आनंदी. रॉबर्ट जॉन्सनचं 'रॅम्बलिन ऑन माय माइंड' फक्त गिटार आणि मेयलच्या पियानोवर, आणि गातो क्लॅप्टन. रेकॉर्डवर मुख्य गायक म्हणून त्याचं हे पहिलंच गाणं. पण शिखर म्हणजे मेयलचं स्वतःचं 'हॅव यू हर्ड'. संथ लय, सुरुवातीला सॅक्सोफोन, मग मेयलची आर्जवं. गाणं निम्म्यापुढे सरकल्यावर गिटार शिरते ती ओरडतच. सूर चढत जातात, श्वास घ्यायला जागा नाही, आणि तरीही एकही सूर भरतीचा वाटत नाही. क्लॅप्टनने पुढे पुष्कळ वाजवलं, नाव कमावलं; इतकं पेटून क्वचितच.

उणिवा आहेत. मेयलचा आवाज पातळ आहे आणि 'व्हॉट'ड आय से'मधला ड्रमचा एकल भाग उगाच लांबला आहे. मूळ कलावंत कृष्णवर्णीय अमेरिकी, नाव आणि पैसा मिळवला गोऱ्या इंग्रज पोरांनी, हा आक्षेप त्याहून गंभीर आहे आणि तो खोडता येत नाही. त्यातही वेदना अशी, की ज्यांच्या रेकॉर्ड ऐकून क्लॅप्टन घडला त्यांच्याच वंशाच्या स्थलांतरितांविरुद्ध तो १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून गरळ ओकला. त्यावरच्या संतापातून ब्रिटनमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' चळवळ उभी राहिली. पुढे क्लॅप्टनने शरम व्यक्त केली. रेकॉर्डवर प्रेम करणाऱ्याने हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

रेकॉर्ड ब्रिटनच्या खपाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली, तोवर क्लॅप्टन 'क्रीम' हा बँड काढायला निघून गेला होता. मेयलने त्याच्या जागी पीटर ग्रीनला घेतलं. ग्रीन गेला, आणि बेसवादक जॉन मॅकव्हीही त्याच्या मागोमाग 'फ्लीटवूड मॅक'मध्ये गेला. ग्रीननंतर आलेला मिक टेलर १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सने नेला. माणसं घडवायची आणि जाऊ द्यायची, हे मेयल आयुष्यभर करत राहिला. २०२४ मध्ये, याच २२ जुलैला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो कॅलिफोर्नियातल्या घरी वारला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला स्थान दिलं तेही त्याच वर्षी, फार उशिरा.

साठीच्या निमित्ताने रेकॉर्ड जरूर ऐकावी. मात्र आधी ऑटिस रशने १९५८ मध्ये शिकागोत गायलेलं मूळ 'ऑल युअर लव्ह' ऐकावं, मग मेयल-क्लॅप्टनचं लावावं.