गुडघा सुधारला, प्रेक्षक कधी सुधारणार?

नवस बोलणारा साधा माणूस तो फेडण्याची तरी तयारी ठेवतो. आमच्या क्रीडाप्रेमी मंडळींची तऱ्हा मात्र न्यारी! देव तेच बसवणार, नवस तेच बोलणार, आणि फेड मात्र देवाकडूनच वसूल करणार! कोवळ्या वयाचा खेळाडू दुखापतीतून उठून मैदानात उतरला, की या वसुलीला अगदी ऊत येतो.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना तिच्या गुडघ्यातील लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा बंध, तुटला. वय अवघे वीस. पाच महिन्यांनी ही मुलगी विश्वचषकासाठी इंग्लंडात उभी होती! २४ जूनला इंग्लंडविरुद्ध ९० धावा. २९ जूनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. आणि मग? पुढच्या सात डावांत मिळून ३६ धावा! लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात शून्य, आणि भारत ९ धावांनी पराभूत.

यातली खरी स्मृती कोणती? वाचकहो, दोन्ही खऱ्या! दुखापतीनंतरचा खेळ असाच असतो. आज भरती, उद्या ओहोटी. पण प्रेक्षकाला ओहोटी ठाऊकच नसते. पहिल्या दोन डावांनी त्याच्या तोंडाला गोडी लागते, आणि तिसऱ्या डावापासून तो सावकारासारखा दारात बसतो.

यावर एक शहाणा प्रश्न हमखास येतो : ‘मैदानात उतरली म्हणजे बरी झाली, मग धावा का मागू नयेत?’ महाराज, चालता येणे, धावता येणे आणि भर वेगात एका पायावर गर्रकन वळता येणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तुटलेल्या बंधाच्या जागी शस्त्रक्रियेने नवा बंध बसवला, तरी तो शरीरात मुरायला महिनोन्‌महिने लागतात. मांडीचे स्नायू आटलेले असतात, ते पुन्हा भरावे लागतात. शिवाय मनातली भीती कोणत्याच क्ष-किरणात दिसत नाही. पंचविशीच्या आत असा गुडघा घेऊन धावपळीच्या खेळात परतणाऱ्यांपैकी चार-पाचांमागे एकाचा हा किंवा दुसरा गुडघा पुन्हा जातो, असे अभ्यास सांगतात. म्हणून जाणते डॉक्टर निदान नऊ महिने थांबा म्हणतात.

दुसरा युक्तिवाद याहून घातक. ‘स्मृती पाच महिन्यांत आली, शतक ठोकले, मग तुम्हालाच काय धाड भरली?’ अपवादाचा असा दंडक झाला, की त्याची झळ सातारा-सांगलीच्या शाळांतल्या पोरींना लागते. बास्केटबॉल, खो-खो, कबड्डी : उडी, झेप आणि अचानक वळण हाच या खेळांचा प्राण, आणि हा बंध तुटतो तो नेमका तिथेच. त्यातही मुलांपेक्षा मुलींचा अधिक. अशा पोरीच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळून, ‘शाळेच्या चषकाचा प्रश्न आहे’ म्हणून तिला ढकलणे, याला प्रोत्साहन म्हणायचे काय?

आणि जो परत येऊ शकत नाही, त्याचे काय होते? सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ ची संधी हुकली. १९८४ साली ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, एकविसाव्या शतकाच्या तोंडावर! पदकाला शंभर गाड्या जुंपणाऱ्या समाजाने त्या दुखऱ्या गुडघ्याला एक तरी जुंपली होती काय?

खेळाडूवर टीका करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. चुकीच्या फटक्याला चुकीचा फटका जरूर म्हणा. पण घाईचा जाब विचारायचा तर तो निवडणाऱ्यांना विचारा, शिक्षकांना विचारा, टाळ्या पिटणाऱ्यांना विचारा. लॉर्ड्सवरच्या त्या शून्याने काही अडले नाही. २०१८ मध्ये स्मृती जगातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली, आणि २०२५ मध्ये विश्वविजेत्या भारतीय संघाची ती उपकर्णधार होती. वेळ मिळाला म्हणून हे झाले.

दिवाळीची सुट्टी संपेल, मैदाने पुन्हा भरतील. घरातली एखादी पोर गुडघ्याला हात लावून बाहेर बसलेली असेल, तर ‘कधी खेळणार?’ हा प्रश्न पाहुण्यांनी फराळाच्या ताटाशी विचारू नये, आणि आईबापांनी विचारू देऊ नये. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले असतील, तर नऊ मोजावेत. आणि दहाव्या महिन्यात ती पहिल्याच सामन्यात एकही गुण न घेता परतली, तरी तिच्यासाठी ताटात करंजी राखून ठेवावी.